थंड खोलीतली शेगडी

गेवराईत माझं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे, घर उमापूरला. इतक्या वर्षांत गिऱ्हाइकांनी मला विचारलेले प्रश्न एका हाताच्या बोटांवर मावतील. खोली किती वेळात गार होईल, पाणी कुठं गळेल, उंदीर वायर कुरतडतील का, आणि हमखास एक: "मिस्तरी, हे बाहेरून ताजी हवा आत घेतंय ना?"

मी कायम "हो" म्हणायचो.

खरं उत्तर "नाही" असं आहे. घरातला एसी बाहेरची हवा घेत नाही. तो खोलीतलीच हवा ओढतो, गार नळ्यांवरून फिरवतो आणि परत त्याच खोलीत सोडतो. नळ्यांमधला गॅस त्या हवेतली उष्णता शोषून घेतो, बाहेरच्या युनिटातला कंप्रेसर त्या गॅसला दाबून तापवतो, आणि तिथला पंखा ती सगळी उष्णता गल्लीत फेकतो. खोलीतून बाहेर जाते ती उष्णता, आणि हवेतला ओलावा, जो पाणी होऊन नळीतून गळतो. हवा मात्र आतल्या आतच फिरत राहते. आमच्याकडे लोकांना कूलर ठाऊक. कूलर खिडकीत बसतो, बाहेरची हवा ओल्या जाळीतून खेचतो, त्यामुळे एसीही तसाच असणार असं लोक धरून चालतात. ते समजावत बसलं की गिऱ्हाईक म्हणतं, मग कूलरच बरा की. म्हणून मी "हो" म्हणायचो. फोनवर म्हणायचो, दुकानात म्हणायचो, घरी जेवता जेवता कुणाचा फोन आला तर तोंडात घास ठेवूनही म्हणायचो. समोर बसलेली आई ते ऐकायची.

या "हो"पायी माझी बहीण आणि तिची तेरा दिवसांची पोरगी मरणाच्या दारात गेली. त्यात माझा हात किती होता, ते मला लिहून ठेवायचं आहे. इतके दिवस ते दुसऱ्याच्या नावावर होतं.

बहीण माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तिला बीडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ती उमापूरला आली. वैशाख होता. आमच्या घराचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि पहाटेपर्यंत ओकत राहायचा. आठव्या दिवशी बाळाच्या अंगावर घामोळं उठलं, अंग तापलं, दूध ओढेना. गेवराईच्या बालरोगतज्ज्ञानं तपासून सांगितलं, ताप उन्हाचा आहे, लेकराला गार खोलीत ठेवा. बीडहून बहिणीच्या सासूचा फोन आला: "आमच्या लेकराला भाजून काढू नका. भाऊ एसीवाला आणि पोरगी पत्र्याखाली असल्यागत!"

ते मला लागलं. स्वतःच्या घरात एसी नाही याची मला एरवीही लाज होतीच. गावभर गारवा वाटत फिरायचं आणि घरी येऊन ओलं धोतर पांघरून झोपायचं.

आई मात्र एसीचं नाव काढू देईना. "बाळंतिणीला गार वारं? हाडात शिरंल, जलमभर कंबर धरून बसंल. मी मेल्यावर बसव तुजा एसी."

इथं आमच्या घराबद्दल सांगायला हवं. वडिलांनी ते होते तेव्हाच घरातलं देवाधर्माचं सगळं बंद केलं होतं. आमच्याकडे पाचवीला सटवी पुजत नाहीत, बाळाच्या उशाला सुरी ठेवत नाहीत, काळा दोरा बांधत नाहीत. बुद्धवंदना होते, बाळाचं नाव ठेवतात, खीर वाटतात. पण शेक-शेगडीला वडिलांनीही हात लावला नव्हता. बाळंतिणीला तेल लावून, कढत पाण्यानं न्हाऊ घालून बाजेवर निजवायचं, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी सरकवायची, वर ओवा आणि शेपा टाकायच्या. आई म्हणायची, "हे देवाचं न्हाई, अंगाचं हाय." वडील त्यावर गप्प बसायचे. त्यांच्या अंगालाही त्यांच्या आईनं तशीच धुरी दिली असणार.

एकीकडे डॉक्टर आणि बहिणीची सासू, दुसरीकडे आई. मी तोडगा काढला. एसी बसवायचा लेकरासाठी आणि शेगडी चालू ठेवायची बाळंतिणीसाठी, एकाच खोलीत. मी हसत म्हणालो, "आई, वरून गार, खालून गरम. तुजं बी खरं, डाक्टरचं बी खरं." आई पहिल्यांदा हसली. मला माझ्याच अकलेचं कौतुक वाटलं.

माझ्या डोक्यात गणित होतं ते फक्त उष्णतेचं. आमच्या धंद्यात खोलीत माणसं किती, दिवे किती, फ्रिज आहे का, यावरून किती टनाचं यंत्र लागेल ते धरतात. शेगडी म्हणजे आठ-दहा माणसं जास्त बसली असं मी धरलं आणि एकाऐवजी दीड टनाचा एसी बसवला. निखारा हवेत काय सोडतो हे मी धरलं नाही.

मग खोली बंद करायला घेतली. मधली खोली, एक दार, एक खिडकी, खिडकीवर झरोका. खिडकीच्या फटी सिलिकॉन भरून बुजवल्या. झरोक्यात थर्माकोल कापून घट्ट बसवलं. दाराच्या खाली फोमची पट्टी चिकटवली. ही कामं मी लई मन लावून करतो, गिऱ्हाइकाच्या घरीही. दार लावलं की आतून गल्लीतला आवाजसुद्धा येईना. पहिल्या दिवशी आईनं नेहमीप्रमाणे गोवऱ्यांचे निखारे आणले तर खोलीत धूर कोंडला आणि सगळे खोकत बाहेर आले. मी वैतागलो. धुरानं एसीचा फिल्टर चिकट होतो. दुसऱ्या दिवशी गेवराईच्या इस्त्रीवाल्याकडून लोणारी, म्हणजे लाकडाच्या, कोळशाची पिशवी आणली. चांगला पेटला की ह्या कोळशाला धूर नाही, वास नाही. आई खूश झाली. "असला कोळसा म्या जलमात बघितला न्हाई," म्हणाली.

धूर डोळ्यांत गेला असता तर त्यांनी दार उघडलं असतं. ते मी बंद केलं.

तरीही आईनं मला एकदा विचारलं होतं. पिशवी खाली ठेवून ती दाराची पट्टी चाचपत होती. "आरं, इतकं बंद कावून केलंस? कोंडंल की."

"कोंडत न्हाई, आई. एसी बाहेरून ताजी हवा घेतोय."

गिऱ्हाइकाला म्हणावं तितक्या सहज मी हे म्हणालो. मान वर करूनही पाहिलं नाही, हातात स्क्रू-ड्रायव्हर होता.

पुढचे चार दिवस घरात समाधान होतं. एरवी वैशाखात शेगडी दहा मिनिटं सोसवत नाही, बाळंतीणच पायानं ढकलून देते. पण वर एसी चालू, त्यामुळे बहीण तासभर निवांत पडून राहायची. आई दाराला आतून कडी घालून तिथंच भिंतीला टेकून बसायची. आल्यागेल्याबरोबर गरम झळ आत येते म्हणून कडी. बाळ झोपायचं. इतकं झोपायचं की शेजारच्या बाया कौतुक करायच्या. "किती गुणी हाय बाई, रडणं म्हणून न्हाई." मीही दुकानात दोन-चार जणांना सांगितलं की एसी बसवल्यापासून भाची रडलेली नाही.

बहिणीचं डोकं दुखायला लागलं. न्हाऊन, शेक घेऊन उठली की कपाळ धरून बसायची. एकदा ओकली. आई म्हणाली, अळीव बाधले. आईचंही डोकं ठणकत होतं, तिनं ते गार वाऱ्यावर घातलं आणि कानाला फडकं बांधून दाराच्या फटीत अजून एक चिंधी कोंबली. बाळंतविडा घेऊन आलेली एक चुलती अर्धा तास आत बसली आणि गरगरतंय म्हणून उठून गेली. अंगणात लिंबाखाली पाणी प्याली, बरं वाटलं. सगळ्यांनाच बाहेर आलं की बरं वाटायचं. हे मी रोज बघत होतो. मी रोज दुसऱ्यांच्या घरी जाऊन यंत्राचा आवाज ऐकून रोग ओळखणारा माणूस, आणि घरातल्या तीन माणसांचा रोग मला ओळखू येईना.

तेराव्या दिवशी सकाळी बहीण म्हणाली, "दादा, आज शेगडी नको वाटती. छाती दडपल्यागत हुतंय." मी चहा पीत होतो. चकलांब्याला एका बड्या शेतकऱ्याच्या बंगल्यावर सर्व्हिसिंगला जायचं होतं, उशीर झालेला. आईनं बहिणीची कंबर दुखते म्हणून उलट दोन कोळसे जास्त टाकले होते. मी म्हणालो, "आईचं ऐक गं दोन दिवस." आणि गाडी काढली.

चकलांब्याच्या बंगल्यात मी आतलं युनिट उघडून फिल्टर धुतला. मालक पलंगावर बसून बघत होते. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, मी नेहमीचं उत्तर दिलं.

"मग मिस्तरी, ह्यो वास जाईना कसा?"

"कसला वास?"

"उदाचा. आमची माय नारायणगडाला जायाच्या आधी पहाटं हितं ऊद जाळून गेली. आता बारा वाजायला आलेत. तवापासून एसी चालू हाय. ताजी हवा येती म्हणता, मग वास हाय तिथंच हाय की."

ते सहज बोलले होते, थोडं चिडवत. मी हुंगलं. उदाचा वास खोलीत ताजा होता, जणू आत्ता जाळलाय. मला वाटतं, मी हसायलाही लागलो होतो. मग ओवा आणि शेपांचा वास आठवला. आमच्या खोलीत तो रात्रीपर्यंत तसाच असायचा, उशीला, पडद्याला, बाळाच्या टोपड्याला. वास जात नव्हता म्हणजे काहीच जात नव्हतं. कोळशाचं जे काही होतं तेही.

मी आईला फोन लावला. वाजत राहिला. बहिणीला लावला, तोही वाजत राहिला. परत लावला. मालक विचारत होते, काय झालं, काय झालं. यंत्राचं झाकण मी तसंच उघडं टाकलं आणि पळत खाली उतरलो.

चकलांबा ते उमापूर मी कसा आलो ते मला सांगता येत नाही. एवढंच आठवतं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तोंडावर आग येत होती, आणि मी मोठ्यानं स्वतःला शिव्या देत होतो. दोनदा गाडी थांबवून फोन लावला. दोनदा वाजून वाजून बंद झाला. एसी आपला उपसत असेल उष्णता, इमानानं, हे डोक्यातून जाईना. तो बिघडला असता तर उकाड्यानं तरी त्यांनी दार उघडलं असतं. पण तो मी बसवलेला होता, बिघडणार नव्हता.

घरी पोचलो तेव्हा अंगणात सगळं जागच्या जागी होतं. बाळाची दुपटी दोरीवर वाळत होती. बाहेरचं युनिट एका लयीत घुमत होतं, नळीतून पाणी थेंब थेंब गळत होतं. आत शिरून मी मधल्या खोलीचं दार ठोठावलं, हाका मारल्या. आतून काही नाही. बाहेर धावलो, युनिटच्या स्टँडवर चढलो आणि झरोक्याचं थर्माकोल कोपरानं आत ढकललं. आतून गार हवा तोंडावर आली, ओव्याचा छान वास असलेली. परत आत येऊन दाराला लाथा घातल्या, तिसऱ्या लाथेला कडी निघाली. आई दाराशीच आडवी पडली होती, एक हात पट्टीवर. उठून उघडायचा प्रयत्न केला असावा. बहीण बाजेवर उताणी, गाल लालभडक. बाळंतपणानं रंग आला म्हणावं असे. बाळ तिच्या कुशीत. मी आधी बाळ उचललं. त्याची मान माझ्या हातावरून ओल्या फडक्यासारखी खाली गेली.

मी लई भ्यालो होतो. माझ्या ओरडण्यानं गल्ली जमा झाली. बाळ चुलतीच्या हातात दिलं, बहिणीला बाजेसकट ओढलं, आईला काखेत धरून लिंबाखाली आणलं. कुणीतरी कांदा फोडला, कुणी दृष्ट काढा म्हणालं, कुणी म्हणालं एसीचा गॅस गळला. शेजाऱ्यानं जीप काढली. वाटेत आई ओकली आणि डोळे उघडले. बहीण कण्हायला लागली. बाळ काहीच करत नव्हतं, फक्त मधूनच एक श्वास घेत होतं, आणि दुसरा येईपर्यंत मी देव नसलेल्या घरातला माणूस कुणाची तरी विनवणी करत होतो. गेवराईत तिघींच्या तोंडाला ऑक्सिजन लावून लगेच बीडला पाठवलं.

बीडच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "खोलीत काय पेटवलं होतं?"

मी तोंड उघडायच्या आत खाटेवरून, नाकातोंडावरचा मास्क बाजूला करून आई बोलली. "शेगडी. म्या ठिवली. ह्यो नको नको म्हणत व्हता, म्या ऐकलं न्हाई."

मी कधी नको म्हणालो होतो? बहिणीची सासू दारात उभी होती, तिनं ते ऐकलं. डॉक्टरांनी आईला झापलं. म्हणाले, कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो, तो रक्तात शिरून बसतो, अडाणीपणानं तीन जीव गेले असते. आई मान हलवत राहिली. मी फरशीकडे बघत राहिलो. झरोका, पट्टी, कोळसा, "ताजी हवा", यातलं काहीही मी बोललो नाही. थोड्या वेळानं सांगू असं ठरवलं, आणि तो थोडा वेळ सात महिने लांबला.

तिघी वाचल्या. बहीण चार दिवसांत उठली. बाळाला जास्त दिवस ठेवून घेतलं, आणि घरी सोडताना डॉक्टर म्हणाले की मेंदूला किती इजा झाली ते आत्ता सांगता येणार नाही, वाढताना कळेल. बहीण दवाखान्यातूनच सासरी गेली. सासूनं आईला निरोप धाडला की आता आमच्या लेकराच्या अंगाला हात लावायचा नाही. गावात बाया पाठीमागं बोलायच्या, म्हातारीनं नातीला धुरी देऊन मारलं असतं. आई नळावर पाणी भरायला एकटी, उशिरा जायला लागली. बीडहून बहीण हळूच फोटो पाठवायची. मान उशिरा धरली. हाक मारली की लगेच वळत नाही, दोनदा मारावी लागते. आई मोबाईल माझ्याकडं देऊन विचारायची, "बघ बरं, ही आपल्याकडं बघती का भलतीकडं?" मी म्हणायचो, आपल्याकडंच बघती.

शेवटी मार्गशीर्षात एकदा ते मला सहन झालं नाही. आई भाकरी थापत होती, मी तिथं जाऊन बसलो आणि सगळं एका दमात सांगितलं. एसी बाहेरून हवा घेत नाही. मी खोटं बोललो होतो. चूक माझी आहे.

तिनं भाकरी उलटली. "ठाव हाय मला."

"कधीपासनं?"

"दवाखान्यात तू डाक्टरच्या तोंडाकडं बघत नव्हतास, तवापासनं." मग भाकरी फुगवत म्हणाली, "मिस्तरीच्याच घरात असं झालं म्हणल्यावर तुला कुणी दारात उभं केलं असतं का? माझं काय, मला कुठं दुकान चालवायचं हाय. आता कुणाला बोलू नको. बोललास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

मी तिच्या त्या शपथेला घाबरलो, असं स्वतःला सांगत राहिलो. खरं म्हणजे मला हायसं वाटलं होतं. त्याची लाज मला अजून वाटते.

माघात बहिणीच्या सासूचा फोन आला. उन्हाळ्याआधी लेकराच्या खोलीत एसी बसवायचा आहे. "पाव्हणं, तुमच्याबिगर दुसऱ्या कुणावर भरवसा न्हाई. तुमच्यामुळं लेकरू वाचलं."

खोकं गाडीवर बांधून मी बीडला गेलो. बहिणीनं भाचीला माझ्या मांडीवर दिलं. नऊ महिन्यांची झालेली, पण कंबरेला हात लावून धरावं लागत होतं. तिनं माझ्या खिशातला पेन ओढला. सासू चहा घेऊन आल्या, खोली दाखवायला लागल्या. खिडकी कुठं बुजवायची, झरोका कसा बंद करायचा. मग म्हणाल्या, "तुमची आई आली तरी ह्या खोलीत पाय ठेवू देनार न्हाई, आधीच सांगून ठिवते. वाईट वाटून घ्यायचं न्हाई."

मी म्हणालो, "मावशी, शेगडी आईची होती. कोळसा माझा होता. झरोका मी बुजवला. आईनं विचारलं होतं, कोंडंल का. मी म्हणालो ताजी हवा येते. येत नाही. आई खोटं बोलली दवाखान्यात, माझ्यासाठी."

बहीण दारात उभी होती. तिनं मला "दादा" अशी हाक मारली. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्या मांडीवरून पोरगी उचलून घेतली. पेन तिच्या मुठीतच होता, तो त्यांनी सोडवून माझ्यासमोर ठेवला. एसीचं खोकं मी परत गाडीला बांधलं.

पुढच्या रविवारी आईला न्यायला बीडहून जावई आले. आई नवं लुगडं नेसली, बाळासाठी शिवलेली गोधडी काखेत घेतली. मला कुणी चल म्हणालं नाही. मी सांगायचं नव्हतं ते सांगितलं म्हणून आई माझ्याशी चार दिवस बोलत नव्हती, आणि गाडीत बसतानाही तिनं माझ्याकडं पाहिलं नाही.